चाकू लागला की रोग पसरतो का?

शस्त्रक्रियेविषयीच्या दोन घरगुती समजुती आणि त्यांची कसोटी पाहणारे डॉ. राजेंद्र बडवे यांचे संशोधन

कर्करोगाचे निदान झालेल्या घरांतून दोन वाक्ये माझ्या कानी वारंवार पडतात. पहिले असे : "डॉक्टर, गाठीला चाकू लागला की रोग अंगभर पसरतो म्हणतात. त्यापेक्षा आईला आहे तशीच राहू द्यावी का?" दुसरे याच्या अगदी उलट : "काहीही करा, पण ती गाठ एकदाची काढून टाका. अंगात ठेवून कसे चालेल?" पहिल्या वाक्यामागे भीती असते, दुसऱ्यामागे घाई, आणि दोहोंच्या मुळाशी आपल्या माणसाविषयीची माया असते. म्हणूनच या वाक्यांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे मला कधी योग्य वाटले नाही. शस्त्रक्रियेने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, हाच खरा प्रश्न त्यांच्या पोटात दडलेला असतो.

या प्रश्नाचा शोध घेण्यात एका मराठी शल्यचिकित्सकाने तीन दशकांहून अधिक काळ घालवला आहे. डॉ. राजेंद्र बडवे हे स्तनाच्या कर्करोगाचे शल्यचिकित्सक. टाटा मेमोरियल सेंटरचे संचालकपद त्यांनी २०२३ पर्यंत सांभाळले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही संस्था आपल्या शेजारची आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. १९५२ मध्ये स्थापन झालेले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर ज्याचे पहिले संचालक होते, ते कर्करोग संशोधन केंद्र पुढे याच संस्थेचा भाग झाले, आणि या शतकाच्या आरंभी खारघरच्या विस्तीर्ण आवारात आले. त्यालाच आपण 'ॲक्ट्रेक' म्हणून ओळखतो. पेंधरहून मेट्रोने बेलापूरकडे निघालो की काही मिनिटांत खारघर येते. उपचार संपेपर्यंत या परिसरात भाड्याची खोली घेऊन राहणारी कुटुंबे तळोजेकरांना नवी नाहीत. या संस्थेतून जगापुढे गेलेले संशोधन मात्र आपल्या घरांपर्यंत फारसे पोहोचत नाही. वृद्ध वाचकांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना त्यातील जे उपयोगी आहे, ते येथे मांडतो.

एका शल्यचिकित्सकाची शंका

शस्त्रक्रियेने गाठ पूर्ण निघते, जखम भरते, रुग्ण घरी जातो. तरीही काही जणींच्या शरीरात दोन-चार वर्षांनी हाडांत, फुप्फुसांत किंवा यकृतात रोग पुन्हा डोके वर काढतो. याचे मुख्य कारण असे, की रोगाच्या काही सूक्ष्म पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच गाठीबाहेर पडून शरीरात अन्यत्र जाऊन बसलेल्या असतात. पण गाठ हाताळली जाते, रक्तवाहिन्या कापल्या जातात, शरीर त्या आघाताला प्रतिसाद देते, त्या वेळी या पेशींच्या वागण्यात काही फरक पडत असेल का? डॉ. बडवे यांच्या कामाचा धागा या शंकेपासून सुरू होतो.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये काम करत असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी सुरू असलेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. १९९१ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसांच्या दरम्यान ज्यांची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्यापैकी ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या. इतर दिवशी शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते.

एवढा मोठा फरक पाहून कोणीही चकित व्हावे. परंतु जुन्या नोंदी चाळून मिळालेले उत्तर हे पक्के उत्तर नसते. पुढे अन्यत्र झालेल्या काळजीपूर्वक अभ्यासांत हा फरक आढळला नाही. त्यामुळे आज पाळीची तारीख पाहून शस्त्रक्रियेचा दिवस ठरवण्याची प्रथा नाही, आणि कोणी त्यासाठी शस्त्रक्रिया लांबवूही नये. त्या अभ्यासाने मागे ठेवले ते एवढेच : शस्त्रक्रियेच्या आगेमागेचा काळ दुर्लक्ष करण्याजोगा नसावा, ही शंका.

चिठ्ठी टाकून मिळणारे उत्तर

शंका पक्की करायची किंवा खोडून काढायची असेल, तर वैद्यकात एक प्रामाणिक मार्ग आहे. रुग्णांना सर्व समजावून सांगून त्यांची संमती घ्यायची आणि जणू चिठ्ठी टाकून त्यांचे दोन गट करायचे. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्याला प्रचलित उपचार. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मनावर नसते. त्यामुळे तरुण, सशक्त, सुस्थितीतील रुग्ण एका बाजूला आणि थकलेले दुसऱ्या बाजूला, असे होत नाही. मग वर्षानुवर्षे दोन्ही गटांची वाट पाहायची. घरातल्या अनुभवाला, "आमच्या मावशीचे असे झाले" या सांगण्याला जे कळत नाही, ते या पद्धतीला कळते.

मुंबईत परतल्यावर डॉ. बडवे यांनी हाच मार्ग धरला. १९९७ ते २००५ या काळात १,००० स्त्रियांना या पद्धतीने दोन गटांत विभागले गेले. एका गटाला शस्त्रक्रियेपूर्वी पाच ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनचे एकच इंजेक्शन देण्यात आले. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार केला, तर दोन गटांत निश्चित म्हणावा असा फरक नव्हता. मात्र ज्यांच्या काखेतील ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता, त्यांच्यात पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत ६५.३ टक्के, तर न घेतलेल्यांत ५४.७ टक्के होते. अशा उपगटातील लाभाकडे वैद्यक सावधपणे पाहते, आणि ते योग्यच आहे. हे इंजेक्शन आज नेहमीच्या उपचारांचा भाग नाही.

शस्त्रक्रियेआधीची दहा मिनिटे

त्यानंतरचा प्रयोग आणखी साधा आहे. दात काढताना हिरडी बधिर करण्यासाठी जे लिग्नोकेन टोचतात, ते आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी घेतलेले असते. पेशींच्या आवरणातील सोडियमची सूक्ष्म द्वारे हे औषध बंद करते. त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. कर्करोगाच्या पेशींतही अशी द्वारे असतात आणि पेशींच्या हालचालीशी त्यांचा संबंध असल्याचे प्रयोगशाळेत दिसले होते. मग गाठ काढण्यापूर्वी तिच्या सभोवती हेच औषध टोचले तर?

२०११ मध्ये भारतातील अकरा कर्करोग केंद्रांनी मिळून या प्रश्नावर काम सुरू केले. स्तनाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या जवळजवळ १,६०० स्त्रिया त्यात सहभागी झाल्या. सर्वांना शस्त्रक्रियेसाठी नेहमीप्रमाणे पूर्ण भूल दिली होती. निम्म्या स्त्रियांच्या गाठीभोवती, चहू बाजूंनी तसेच वरून व खालून, सौम्य लिग्नोकेन टोचण्यात आले आणि सात ते दहा मिनिटे थांबून शस्त्रक्रिया सुरू झाली. उरलेल्यांची शस्त्रक्रिया इंजेक्शनाविना झाली. पुढचे उपचार दोन्ही गटांना सारखेच मिळाले.

२०२३ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त निष्कर्ष आले. पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्या स्त्रिया इंजेक्शनाच्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६ टक्के. हयात असलेल्या स्त्रिया अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के. म्हणजे दर शंभर स्त्रियांमागे सुमारे चार जणींचा लाभ. चार हा आकडा लहान वाटेल. पण औषध अतिशय स्वस्त, प्रत्येक शस्त्रक्रियागृहात उपलब्ध आणि दशकानुदशके वापरातले आहे. रोज किती स्त्रियांची ही शस्त्रक्रिया होते, याचा विचार केला म्हणजे त्या चारांचे मोल कळते. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की हा एकच मोठा प्रयोग आहे. अन्य देशांत तो पुन्हा पडताळला जाणे इष्ट आहे. शिवाय तो प्राथमिक अवस्थेतील आणि थेट शस्त्रक्रियेला नेलेल्या रुग्णांपुरता आहे. आपल्या शल्यचिकित्सकाला त्याविषयी अवश्य विचारावे. तो देतो किंवा देत नाही, एवढ्यावरून त्याची पारख करू नये.

पहिल्या भीतीचे उत्तर

आता "चाकू लागला की पसरतो" या समजुतीकडे पुन्हा पाहू. मी वर सांगितलेल्या आकड्यांतला एक आकडा या भीतीचे पुरते निरसन करतो, आणि तो इंजेक्शन न घेतलेल्या स्त्रियांचा आहे. त्यांना चाकू लागला, नेहमीसारखाच लागला. आणि नेहमीच्या इतर उपचारांच्या जोडीने शंभरातील ८६ जणी पाच वर्षांनंतर हयात होत्या. चाकूने रोग पसरत असता तर हे घडले नसते. शस्त्रक्रियेच्या क्षणी शरीरात काही सूक्ष्म घडामोडी होत असतील, त्या आणखी सुरक्षित कशा करता येतील याचा शोध शास्त्र घेत आहे. पण काढण्याजोगी गाठ न काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे. न काढलेली गाठ वाढते, काखेत उतरते आणि मग अंगभर जाते. पसरण्याचा खरा मार्ग तो आहे.

ही समजूत रुजली कशी, हेही समजण्यासारखे आहे. पूर्वी रुग्ण फार उशिरा येत. रोग आधीच दूरवर गेलेला असे, तो दाखवणाऱ्या तपासण्या आजच्याइतक्या सहज मिळत नसत. शस्त्रक्रिया होई आणि काही महिन्यांत आजार बळावे. घरच्यांना डोळ्यांसमोर चाकू दिसला होता, आधीपासून दबा धरून बसलेला रोग दिसला नव्हता. दोष चाकूच्या माथी आला. हीच भीती सुईने तुकडा काढून करायच्या तपासणीलाही चिकटली आहे. ती तपासणी नाकारू नये. गाठ कोणत्या जातीची आहे, हॉर्मोनच्या गोळ्यांना दाद देणारी आहे का, आधी केमोथेरपी द्यावी की आधी शस्त्रक्रिया करावी, हे सारे त्या छोट्या तुकड्यावर ठरते.

आजार पसरलेला असेल तेव्हा

दुसरी समजूत अधिक नाजूक आहे. निदानाच्या वेळीच रोग हाडांत किंवा यकृतात पोहोचलेला असतो, तरी घरच्यांचा आग्रह असतो, की मुळातली गाठ तरी काढा. काही डॉक्टरांनाही तसे वाटे. मूळ उपटले की फांद्या वाळतील, हा विचार वरवर पटणारा आहे.

टाटा मेमोरियलमध्ये २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रियांवर हा विचार पारखण्यात आला. आरंभीच्या औषधोपचारांनंतर अर्ध्या स्त्रियांची स्तनाची व काखेची शस्त्रक्रिया आणि नंतर किरणोपचार झाले. बाकीच्यांची तशी शस्त्रक्रिया केली नाही, औषधे चालू राहिली. 'द लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त २०१५ मध्ये डॉ. बडवे आणि सहकाऱ्यांनी उत्तर मांडले. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान १९.२ महिने, न झालेल्यांचे २०.५ महिने. म्हणजे आयुष्य वाढले नाही. छातीवरचा आजार शस्त्रक्रियेमुळे आटोक्यात राहिला हे खरे. पण शरीरात अन्यत्र असलेला आजार त्या गटात काहीसा अधिक वेगाने बळावला.

एका शल्यचिकित्सकाने, आयुष्यभर जी शस्त्रक्रिया केली तिच्याविषयी, "येथे तिचा उपयोग नाही" असे आकड्यांनिशी लिहावे, हे मला त्यांच्या कामातील सर्वांत आदरणीय वाटते. पुढे अमेरिकेतील अशाच एका प्रयोगातही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. तुर्कस्तानातील एका अभ्यासात मात्र दीर्घकाळानंतर काही लाभ आढळला. शिवाय मुंबईच्या अभ्यासातील फार थोड्या स्त्रियांना आजची लक्ष्यवेधी औषधे मिळाली होती. म्हणून प्रत्येक रुग्णाचा विचार स्वतंत्रपणेच व्हावा. सर्वसाधारण नियम मात्र असा, की रोग पसरलेला असताना केवळ मनाच्या समाधानासाठी वृद्ध शरीराला मोठ्या शस्त्रक्रियेतून नेऊ नये. गाठ फुटून जखम झाली, रक्त जाऊ लागले, दुर्गंधी किंवा असह्य वेदना सुरू झाल्या, तर त्या त्रासापासून सुटका व्हावी म्हणून शस्त्रक्रिया करणे ही वेगळी गोष्ट. ती योग्य ठरू शकते.

आणि "शस्त्रक्रिया नाही" याचा अर्थ "आता काही उरले नाही" असा कोणी घेऊ नये. हॉर्मोनच्या गोळ्या अनेक वृद्ध स्त्रियांचा पसरलेला आजारही दीर्घकाळ काबूत ठेवतात. हाडांच्या दुखण्यावर किरणोपचारांचा चांगला उपयोग होतो. तीव्र वेदनेवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या सुरक्षित असतात. त्यांचे नाव ऐकून दचकू नये. वेदनाशमन आणि परिहार सेवा हा कर्करोगाच्या उपचारांचाच भाग आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून मागता येतो.

हाताने तपासण्याचे मोल

वरच्या दोन्ही समजुतींना फारसा वाव उरू नये, असे वाटत असेल तर गाठ लवकर सापडली पाहिजे. त्यासाठी महागड्या यंत्रांचीच गरज असते का? टाटा मेमोरियलचे ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून मुंबईत एक प्रदीर्घ अभ्यास झाला, डॉ. बडवे त्यात सहभागी होते. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांपैकी निम्म्यांच्या वस्तीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्तनांची हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये 'बीएमजे'त निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात गाठी तुलनेने आधीच्या अवस्थेत सापडल्या. पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. पण पन्नास व त्यापुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

हा निष्कर्ष आपल्या घरातल्या आई, आत्या, मावशी आणि सासूबाईंसाठी आहे. वय वाढले की हा आजार उरत नाही, असे मुळीच नाही. वयाबरोबर धोका वाढतोच. मात्र आपल्याकडील आजी संकोचामुळे गाठ लपवतात. "दुखत नाही, मग काय दाखवायचे?" असे म्हणतात. न दुखणे हे या गाठीचे नेहमीचे लक्षण आहे. आंघोळ घालणाऱ्या सुनेने, मुलीने किंवा मदतनीस बाईने पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवावे : स्तनात किंवा काखेत कडक गाठ, त्वचेला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, न भरणारी जखम. यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. स्त्री डॉक्टर हव्या असतील तर तसे मोकळेपणाने सांगावे. आणि आजोबांच्या छातीवर स्तनाग्रामागे गाठ आली, तर तीही दाखवावी. पुरुषांनाही हा आजार, क्वचित का होईना, होतो.

वयापेक्षा ताकद पाहावी

"आता पंचाहत्तरी उलटली, कशाला त्रास?" हा प्रश्न अनेकदा मुलेच विचारतात, आणि ज्यांच्याविषयी विचारतात त्या खुर्चीत बसून ऐकत असतात. स्तनाची शस्त्रक्रिया शरीराच्या पृष्ठभागावरची असते. तिच्यात पोट किंवा छातीची पोकळी उघडावी लागत नाही. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब आटोक्यात असलेल्या वृद्ध स्त्रिया ती सहसा चांगली सोसतात. जन्मतारखेपेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत : स्वतःची कामे स्वतः करतात का, जिना चढताना धाप लागते का, गेल्या सहा महिन्यांत वजन घटले का, पडल्या आहेत का, स्मरणशक्ती कशी आहे? प्रकृती फारच नाजूक असेल आणि गाठ हॉर्मोनला दाद देणारी असेल, तर केवळ गोळ्यांवर ती काही काळ रोखून धरण्याचा पर्यायही असतो. तो निवडताना गाठ पुढे कधीतरी पुन्हा वाढू शकते, हे घरच्यांना माहीत असावे.

शस्त्रक्रिया ठरली, की तारखेपर्यंतचे दिवस वाया घालवू नयेत. रोज थोडे चालणे, दीर्घ श्वसनाचा सराव, जेवणात डाळ, दूध, दही, अंडी यांचे प्रमाण वाढवणे, याने शरीर सावरण्यास मदत होते. तंबाखू आणि मिश्री त्याच दिवशी बंद करावी. मिश्री हा तंबाखूच आहे, ते दंतमंजन नव्हे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक औषधांसह, भूलतज्ज्ञांना दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या आधी थांबवाव्या लागतात. पण कोणती, केव्हा, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. आपल्या मनाने एकही बंद करू नये.

घरी आल्यावर

जखमेजवळ नळी असेल, तर त्यातील पाण्याचे माप रोज ठरावीक वेळी वहीत लिहावे. ताप, जखमेभोवती लाली, वाढती सूज, नळीत अचानक येणारे लाल रक्त, यांपैकी काही झाल्यास रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. शिकवलेले खांद्याचे व्यायाम दुखते म्हणून सोडू नयेत. हात आखडला तर पुढे पदर घेणेही कठीण होते. काखेतील ग्रंथी काढल्या असतील, तर त्या हाताला सूज येण्याची शक्यता असते. भाजणे, कापणे, बागेतले काटे यांपासून तो जपावा, आणि सुई टोचणे किंवा रक्तदाब मोजणे शक्यतो दुसऱ्या हाताला करावे. हात जड वाटू लागला, बांगड्या घट्ट झाल्या, तर वाट न पाहता दाखवावे. सूज आरंभी लवकर आटोक्यात येते.

वृद्ध रुग्ण शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस गोंधळतात, वेळकाळ विसरतात, कधी माणसेही ओळखत नाहीत. घरच्यांच्या पायाखालची वाळू सरकते. बहुतेकदा ही अवस्था तात्पुरती असते, तरी डॉक्टरांना लगेच सांगावी, कारण संसर्ग, तुंबलेली लघवी किंवा एखादे औषधही तिच्यामागे असू शकते. चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी हाताशी ठेवावी, ओळखीचे माणूस जवळ असावे, दिवसा खोलीत उजेड आणि रात्री शांतता असावी. झोपेची गोळी आपण होऊन देऊ नये.

खर्चाची चिंता आधीच बोलून घ्यावी. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. त्यासाठी आधार कार्ड लागते. निदान होण्याची वाट न पाहता कार्ड काढून ठेवावे.

शल्यचिकित्सकांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि शक्यतो रुग्णाच्या उपस्थितीतच विचारावेत.

१. आजार कोणत्या अवस्थेत आहे? तो पसरलेला नाही, हे कोणत्या तपासणीवरून कळले?
२. या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढेल, त्रास कमी होईल, की दोन्ही?
३. शस्त्रक्रिया केली नाही, तर पुढच्या वर्षभरात काय होण्याची शक्यता आहे?
४. पूर्ण स्तन काढणे आवश्यक आहे, की गाठ काढून किरणोपचार पुरतील?
५. काखेतील ग्रंथी किती काढाव्या लागतील? हाताला सूज येण्याची शक्यता किती?
६. गाठीभोवती लिग्नोकेन देण्याविषयी आपले मत काय?
७. यांचे वय आणि इतर आजार पाहता भुलेचा धोका किती?
८. नंतर केमोथेरपी, किरणोपचार किंवा गोळ्या लागतील का? किती काळ?
९. घरी गेल्यावर अडचण आली, तर कोणाला फोन करायचा?

हे विचारल्याने डॉक्टरांचा अवमान होत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर निर्णय पुष्कळसा झालेला असतो.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी वर दिलेला प्रत्येक आकडा कोणाच्या तरी आईचा, पत्नीचा, बहिणीचा आहे. आपल्यावर कोणता उपचार होणार, हे चिठ्ठीवर सोडण्यास त्या तयार झाल्या. कित्येक जणी मोठ्या आजाराच्या छायेत असताना तयार झाल्या. त्यांची नावे कोणत्याही नियतकालिकात छापलेली नाहीत. पण आज एखाद्या पंचाहत्तरीच्या आजीला "तुमची गाठ काढूया, भिऊ नका" असे सांगता येते, किंवा दुसऱ्या एखाद्या आजीला "तुम्हाला हा चाकू लागायला नको" असे तितक्याच खात्रीने सांगता येते, ते त्यांच्यामुळे. आपल्या घरात असा निर्णय घेण्याची वेळ आली, तर ऐकीव गोष्टींपेक्षा त्यांच्या साक्षीला अधिक मान द्यावा.